खंडणी कोणाला दिली, आणि तेव्हाच का?

आपण गुड फ्रायडेला मैत्रिणीबरोबर शरणपूर रस्त्यावरच्या चर्चमध्ये बारा ते तीनची पूर्ण उपासना बसून ऐकलीत आणि घरी गेल्यावर मला चार प्रश्न लिहून पाठवलेत. ख्रिस्ताने आपला जीव ‘खंडणी’ म्हणून दिला असे वाचले गेले, तर ती खंडणी घेतली कोणी? देव दयाळू आहे, तर क्षमा करायला त्याला रक्त का लागावे? हे सारे ‘काळाची पूर्णता’ झाल्यावर घडले म्हणतात, तर नेमका तोच काळ का? आणि आपल्या नाशिकला बारा वर्षांनी सिंहस्थाचे पर्व येते, तसे हे पर्व पुन्हा येते का? शेवटी, जाता जाता, आपण हेही विचारलेत की तीन वाजता सगळे लोक एकमेकांशी न बोलता का उठून गेले. मी अनेक वर्षे पाळक म्हणून काम केले आहे आणि बायबलचे वर्ग घेतले आहेत. हे प्रश्न ख्रिस्ती घरांत वाढलेली मुलेही विचारतात, फक्त इतक्या स्पष्टपणे विचारत नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात शब्दापासून करावी लागेल, कारण निम्मा घोटाळा शब्दाचाच आहे. बायबलमधल्या मार्ककृत शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला नाही, तर सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला आहे. मूळ ग्रीक शब्द ‘लुत्रोन’ असा आहे. युद्धकैद्याला किंवा गुलामाला सोडवण्यासाठी जी रक्कम मोजली जाई तिला लुत्रोन म्हणत. मराठीत ‘खंडणी’ हा शब्द बायबलच्या भाषांतरात आला तेव्हा त्याला राजाराजांतल्या करभाराचा आणि सुटकेच्या रकमेचा वास होता. आज मात्र वर्तमानपत्रात खंडणी म्हटली की गुंडाने धमकावून उकळलेला पैसा डोळ्यांसमोर येतो, आणि मग देव गुंडाच्या जागी जाऊन बसतो. आपल्याला धक्का बसला तो यामुळेच.

मराठी ख्रिस्ती लोक रोजच्या बोलण्यात ‘तारण’ हा शब्द वापरतात, आणि तो मला अधिक जवळचा वाटतो. तारण म्हणजे तरून जाणे, आणि तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तूही. माझ्या मंडळीतल्या एका आईने मुलाच्या शिक्षणासाठी आपल्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या आणि सात वर्षांनी त्या सोडवून आणल्या. पाटल्या सोडवल्या म्हणजे त्या नव्याने विकत घेतल्या असे नव्हे; त्या तिच्याच होत्या, फक्त दुसऱ्याच्या ताब्यात होत्या. इब्री (हिब्रू) बायबलमधला ‘गाआल’ हा धातू नेमका हाच अर्थ सांगतो. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात नियम आहे की एखाद्याने गरिबीमुळे वतनाची जमीन विकली, किंवा कर्जापायी स्वतःलाच विकून घेतले, तर त्याच्या जवळच्या आप्ताने पुढे येऊन ती जमीन किंवा तो माणूस सोडवावा. अशा आप्ताला ‘गोएल’ म्हणत. रूथच्या पुस्तकातला बवाज हा असाच सोडवणारा आप्त आहे. ध्यानात घेण्याची गोष्ट ही की सोडवण्याचा हक्क परक्याला नाही, नातेवाइकाला आहे. देवाचा पुत्र माणूस का झाला, या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे आहे: सोडवायचे तर आधी नाते हवे.

आता खंडणी कोणाला दिली. या प्रश्नावर चर्चमध्ये शतकानुशतके वाद झाला आहे आणि कोणत्याही सर्वमान्य मंडळीसभेने एकच उपपत्ती सर्वांवर बंधनकारक केलेली नाही, हे प्रथम सांगतो. चौथ्या शतकात निस्सा येथील बिशप ग्रेगरीने असे मांडले की माणूस सैतानाच्या ताब्यात होता, त्यामुळे मोल सैतानाला मोजले गेले. पण गळाला आमिष लावावे तसे ख्रिस्ताच्या मानवी देहाआड त्याचे देवपण झाकलेले होते, आणि सैतान त्या गळाला लागला. त्याच काळातला दुसरा ग्रेगरी, नाझियांझचा, याला साफ नकार देतो. चोराला मोबदला कसला, असे त्याचे म्हणणे. आणि पित्याला म्हणावे तर पित्याने आपल्याला कैदेत ठेवले नव्हते. ११व्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा अन्सेल्म म्हणाला की पापाने देवाच्या मानाची हानी होते, ते ऋण माणसानेच फेडायला हवे पण फेडू शकतो फक्त देव, म्हणून देव-मानव हवा. त्याच्यानंतर थोड्याच वर्षांनी पीटर अबेलार्दने क्रूसावरच्या प्रेमाने माणसाचे हृदय पालटते यावर भर दिला. १६व्या शतकातल्या धर्मसुधारकांनी न्यायालयाची भाषा वापरली: शिक्षा आपली, सोसली त्याने.

या प्रत्येकात सत्याचा अंश आहे, आणि प्रत्येक उपमा शेवटपर्यंत ताणली की मोडते. माझे स्वतःचे मत असे की ‘मोल कोणाला मिळाले’ हा प्रश्न बायबल विचारतच नाही; ‘मोल कोणी सोसले’ एवढेच ते सांगते. याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे इस्राएल लोकांची मिसरमधल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामगिरीतून झालेली सुटका. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देव इस्राएलाला म्हणतो की मी हात उगारून तुमची सोडवणूक करीन, आणि तेथे तोच गाआल धातू आहे. पण मिसरच्या राजाला, फारोला, कोणी एक दमडी दिली नाही. गुलाम सोडवले जातात, सोडवण्याची झीज लागते, तरी गुलाम करणाऱ्याला काही मिळत नाही.

आपण ज्या भागात ती उपासना ऐकलीत त्या भागालाच हे ठाऊक आहे. १९व्या शतकाच्या मध्यावर नाशिकजवळ मिशनने शरणपूर वसवले, तेव्हा अरबी समुद्रातल्या गुलामांच्या गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईत उतरवली जात आणि त्यांतली कितीतरी येथे आणून वाढवली, शिकवली जात. त्यांतलाच जेकब वेनराइट. १ मे १८७३ रोजी आफ्रिकेत फिरलेले मिशनरी आणि संशोधक डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारले, तेव्हा त्यांचे हृदय तेथेच झाडाखाली पुरताना दफनाची प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या या तरुणाने; पुढे सोबत्यांनी तो देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हाही वेनराइट तेथे हजर होता. ज्या मुलांना साखळीतून काढून आणले होते त्यांच्यापुढे शरणपूरच्या शाळेत ‘खंडून घेतलेले’, म्हणजे मोल देऊन सोडवलेले, हा शब्द वाचला जात असेल, तेव्हा त्यांना तो कसा ऐकू येत असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. त्यांना सोडवताना गलबताच्या मालकाला कोणी पैसे मोजले नाहीत. तरी ती सुटका फुकट झाली नव्हती. भर समुद्रात ती कोणीतरी जीव धोक्यात घालून केली होती.

रक्ताचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, आणि मराठी माणसाला तर विशेष. आपल्यापैकी पुष्कळांनी जत्रेत कापला जाणारा बोकड पाहिलेला असतो आणि वारकरी घरात वाढलेल्या माणसाला त्याचा उबगही असतो. त्याच चौकटीत क्रूस बसवला तर नवस फेडल्यासारखे दिसते: देव कोपला आहे, त्याला काहीतरी द्या, म्हणजे तो शांत होईल. पण लेवीय पुस्तकातला यज्ञ या दिशेने चालत नाही. सतराव्या अध्यायात म्हटले आहे की शरीराचे जीवन रक्तात आहे, आणि ते रक्त वेदीवर प्रायश्चित्तासाठी मी तुम्हांला दिले आहे. देणारा देव आहे. रक्त म्हणजे येथे वेदना किंवा शिक्षा नव्हे, तर जीवन. पापाने जे विटाळते ते जीवनाच्या स्पर्शाने शुद्ध होते, अशी ती कल्पना आहे. आणि एक तपशील मी प्रत्येक वर्गात मुद्दाम दाखवतो: पाचव्या अध्यायात असे आहे की ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन पारवे आणावेत, आणि ज्याला तेही जमत नाही त्याने थोडे सपीठ आणावे, तेही पापार्पणच ठरते आणि त्यालाही क्षमा मिळते. रक्ताशिवाय क्षमा अशक्यच असती तर त्या गरिबाचे सपीठ वेदीवर पोहोचले नसते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात रक्त सांडल्यावाचून क्षमा नाही हे प्रसिद्ध वाक्य येते, तेव्हा त्याच वाक्यात ‘बहुतेक’ असा शब्द आहे, पण उपदेशकांच्या तोंडी तो क्वचितच येतो.

संदेष्ट्यांनीही हेच बजावले होते. होशेय म्हणतो की देवाला यज्ञ नको, दया हवी. मीखा विचारतो की हजारो मेंढरे आणि तेलाच्या नद्या घेऊन देव काय करणार. इब्रीकरांच्या पत्राचा लेखक तर स्पष्टच लिहितो की बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पापे दूर होणे शक्य नाही. मग वल्हांडणाचे, म्हणजे मिसरमधल्या सुटकेची आठवण करणाऱ्या सणाचे, कोकरू आणि प्रायश्चित्तदिनाचे बकरे कशासाठी होते? ती अक्षरे होती. लहान मुलाला आधी अक्षरे गिरवायला देतात आणि पुढे एक दिवस त्याच अक्षरांतून आलेले पत्र तो वाचू शकतो, तसे इस्राएल शतकानुशतके ही अक्षरे गिरवत होते. म्हणून यार्देन नदीच्या काठी येशूला पाहून बाप्तिस्मा देणारा योहान ‘देवाचा कोकरा’ म्हणाला, तेव्हा ऐकणाऱ्यांना त्या दोन शब्दांत मरणातून वाचण्यासाठी घराच्या चौकटीला लावलेले कोकराचे रक्त, घाईने खाल्लेली बेखमीर भाकर आणि मिसरमधली ती सुटकेची रात्र, सारे कळले.

एका गोष्टीबद्दल मी आग्रही आहे. रागावलेला बाप आणि त्या रागाखाली चिरडलेला निरपराध मुलगा, असे चित्र उपदेशांत रंगवले जाते. ते मला बायबलमध्ये सापडत नाही आणि ते ऐकून कोणी चर्चमधून उठून गेला तर मी त्याला दोष देणार नाही. प्रेषित पौल आपल्या पत्रात लिहितो की देव ख्रिस्तामध्ये असून जगाचा स्वतःशी समेट करत होता. म्हणजे झीज सोसणारा देवच आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू सांगतो की माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. क्षमा करणाऱ्या प्रत्येकाला याचा अल्पसा अनुभव असतो. ज्याने आपले नुकसान केले त्याला खरोखर क्षमा करायची तर ते नुकसान कोणाकडून वसूल करायचे नसते. ते स्वतःत जिरवायचे असते. ते कोठेतरी जातेच, नाहीसे होत नाही. क्रूस म्हणजे देवाने ते स्वतःत जिरवणे.

आता काळ. ‘काळाची पूर्णता’ हा शब्दप्रयोग गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे, आणि त्याच्या आधीच्या ओळी सहसा कोणी वाचत नाही. तेथे पौल वारसाचा दृष्टान्त देतो: वारस लहान आहे तोवर तो सगळ्या मालमत्तेचा धनी असूनही दासासारखाच असतो, कारण बापाने ठरवलेल्या मुदतीपर्यंत तो पालकांच्या ताब्यात असतो. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे अज्ञान म्हणून नोंद असते आणि ‘अ. पा. क.’ म्हणून आईचे किंवा चुलत्याचे नाव असते. जमीन त्याचीच, पण सही त्याची चालत नाही. मूल सज्ञान झाले की ती नोंद निघते. पौलाची काळाची पूर्णता ही अशी आहे. ग्रहांच्या स्थितीवरून काढलेला मुहूर्त त्याच्या मनात नाही. बापाने ठरवलेली आणि मुलाच्या वाढीशी बांधलेली मुदत आहे. विद्वान मंडळी ‘क्रोनोस’ म्हणजे घड्याळाचा काळ आणि ‘कैरोस’ म्हणजे देवाचा सुसमय असा भेद मोठ्या उत्साहाने शिकवतात. पण गलतीकरांत पौलाने नेमका क्रोनोस शब्द वापरला आहे. साधा, दिवसांमागून दिवस जाणारा काळच भरत आला होता.

तो कशाने भरला, याची उत्तरे इतिहासात दाखवता येतात. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून इब्री शास्त्रे ग्रीकमध्ये येऊ लागली होती, आणि पॅलेस्टाइनपासून रोमपर्यंत बाजारात ग्रीक चालत असे. शहरोशहरी यहुदी सभास्थाने होती. रोमी रस्त्यांवरून एक माणूस पत्र घेऊन महिनोन्महिने चालू शकत होता. येशूला मरणदंड देणारा रोमी सुभेदार पंतय पिलात इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदीयात होता, आणि क्रूसावरच्या मृत्यूचे वर्ष अभ्यासक बहुधा ३० किंवा ३३ धरतात. पण रोमी साम्राज्य फार थोर होते म्हणून देवाने ते निवडले, असा निष्कर्ष मी काढू देणार नाही. इ. स. पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआ ते रोम या आप्पियाच्या रस्त्याच्या कडेने ६,००० गुलामांना क्रूसावर चढवले गेले. प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात पौल कैदी म्हणून रोमकडे जातो तो याच रस्त्याने. ज्या वाटेवर सुटका मागणाऱ्या गुलामांचे क्रूस उभे राहिले होते, त्याच वाटेने सुटकेची बातमी चालत गेली. देवाची वेळ म्हणजे सोयीची वेळ, असे समजणाऱ्याने हा रस्ता डोळ्यांपुढे ठेवावा.

योहानकृत शुभवर्तमान काळाबद्दल आणखी सूक्ष्म बोलते. काना गावच्या लग्नात येशू आईला म्हणतो, माझी वेळ अजून आलेली नाही. सातव्या आणि आठव्या अध्यायांत लोक त्याला धरू पाहतात, पण हात टाकत नाहीत, कारण त्याची वेळ आली नव्हती. मग बाराव्या अध्यायात काही ग्रीक लोक त्याला भेटू इच्छितात, आणि तो एकदम म्हणतो की वेळ आली आहे. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो. परके दाराशी आले, ही ती खूण. आणि योहानाच्या मांडणीत येशू मरतो तो वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी, मंदिरात कोकरे कापली जात असतात त्या सुमारास. सैनिक त्याचे पाय मोडत नाहीत, कारण वल्हांडणाच्या कोकराचे हाड मोडू नये असा नियम होता. बाकीची तीन शुभवर्तमाने आदल्या रात्रीच्या भोजनालाच वल्हांडणाचे भोजन म्हणतात. ही तफावत लपवण्याचे मला कारण दिसत नाही. चौघेही त्या मरणाला वल्हांडणाच्या चौकटीतच वाचत आहेत.

येथे मला माझ्या एका चुकीबद्दल लिहिलेच पाहिजे, कारण ‘देवाची वेळ’ या शब्दांनी जितके सांत्वन होते तितकी जखमही होते. सेवेच्या पहिल्या वर्षांत एका तरुण विधवेच्या घरी मी तिला म्हणालो की ही देवाची वेळ होती. ती काही बोलली नाही. पण पुढची दोन वर्षे ती चर्चमध्ये आली नाही. नंतर मी येशूचा मित्र लाजर याच्या मरणाची कथा पुन्हा वाचली. येशूला लाजर आजारी असल्याचा निरोप मिळतो, तो दोन दिवस थांबतो, आणि लाजराची बहीण मार्था त्याला तोंडावर म्हणते की आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तो तिला वेळेचे तत्त्वज्ञान सांगत नाही. तो कबरेकडे जाताना रडतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या आरंभी तर तो शिष्यांना सांगतो की काळ आणि समय जाणणे तुमच्याकडे नाही. ख्रिस्ताच्या मरणाबद्दल ‘योग्य समयी’ असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला शास्त्राने दिला आहे. दुसऱ्याच्या घरातल्या मरणाबद्दल तो दिलेला नाही.

माणसाच्या ऐकण्यालाही वेळ लागतो, हे मात्र मी पाहिले आहे. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे म्हटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, गोदेकाठी वाढलेल्या, त्यांना मात्र पुढे आणखी पाच वर्षे लागली, आणि ती पाच वर्षे अश्रूंनी भरलेली होती. एका घरात दोन माणसांचा काळ वेगवेगळ्या दिवशी भरतो. मागे राहिलेल्याला घाई करण्याचा हक्क पुढे गेलेल्याला नाही.

राहिला सिंहस्थाचा प्रश्न. गुरू सिंह राशीत येतो, गोदावरीला पर्वकाळ लागतो, आणि बारा वर्षांनी तो पुन्हा येतो. फिरून येणाऱ्या काळाचा हा अनुभव नाशिककराच्या रक्तात आहे आणि तो मी आदराने पाहत आलो आहे. जुन्या करारातही असा फिरता काळ होता: प्रायश्चित्ताचा दिवस दरवर्षी येई, मुख्य याजक वर्षातून एकदा पडद्याआड परमपवित्रस्थानात जाई, आणि पुढच्या वर्षी त्याला पुन्हा जावे लागे. इब्रीकरांच्या पत्राचा सगळा जोर एका ग्रीक शब्दावर आहे, ‘एफापाक्स’, म्हणजे एकदाच. याजक रोज उभा असतो, कारण त्याचे काम संपत नाही; ख्रिस्त बसला आहे, कारण त्याचे संपले. म्हणून आमच्यासाठी हे पर्व पुन्हा येत नाही. ईस्टरची तारीख चंद्रावरून निघते, २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार, आणि ती दरवर्षी बदलते. पण फिरते ती आठवण. घटना तेथेच आहे. प्रभुभोजनात, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीतही, कोकरू पुन्हा मारले जात नाही. वल्हांडणाच्या भोजनात यहुदी माणूस आजही असे मानतो की मिसरमधून मी स्वतः निघालो; तशीच ती भाकर घेणारा त्या एका दिवशी जाऊन उभा राहतो. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांत ही उपस्थिती कशी समजायची यावर जुना मतभेद आहे, परंतु बलिदान एकच आणि पुन्हा न होणारे, हे दोघेही शिकवतात.

मग त्या दिवसाआधी जन्मून गेलेल्यांचे काय, असे आपण पुढच्या पत्रात विचाराल हे मला ठाऊक आहे. पौल अब्राहामाचा दाखला देतो, पेत्राचे पत्र सांगते की हा कोकरा जगाच्या स्थापनेपूर्वीच नेमलेला होता. पूर्वेकडच्या चर्चच्या चित्रांत पुनरुत्थित ख्रिस्त आदाम आणि हव्वेला मनगट धरून कबरीतून ओढून काढताना दाखवतात. एकदाच घडलेल्याची पोच मागेही जाते.

आणि लोक न बोलता का गेले. त्या दिवशी शेवटचे शब्द म्हटल्यावर तिसऱ्या प्रहरी आम्ही थांबतो. शनिवारी काहीच नसते, कारण तो कबरेतला दिवस आहे. मी या उत्तरात जवळजवळ सगळे शुक्रवारबद्दलच लिहिले, कारण आपण तेवढेच पाहिले. पण ज्या मरणाला उत्तर मिळाले नाही ते मरण बलिदान ठरत नाही, आणि ते उत्तर रविवारचे आहे. आमच्याकडे ईस्टरच्या पहाटे, अंधार असतानाच, अनेक कुटुंबे मेणबत्त्या आणि फुले घेऊन कबरस्थानात जातात आणि आपापल्या माणसांच्या कबरींमध्ये उभी राहून पुनरुत्थानाची गीते गातात. पुढच्या वर्षी शुक्रवारी आलात तर मैत्रिणीला सांगून रविवारी पहाटे पाचलाही या. थंडी नसते, पण चपला दवाने भिजतात.